मतदानाआधी बंदूक ठाण्यात

१५ ऑक्टोबर २०२४ ला दुपारी दिल्लीत निवडणूक आयोगाने महाराष्ट्र विधानसभेच्या तारखा जाहीर केल्या आणि आचारसंहिता लागली. धाराशिव जिल्ह्यात ते दिवस सोयाबीनच्या काढणीचे. मळणी यंत्रे शिवारात फिरत असतात, तूर फुलावर येत असते, ज्वारीची पेरणी उरकायची असते. त्याच दिवसांत पोलीस ठाण्यांत दर निवडणुकीला निघणारी एक यादी बाहेर निघते: ठाण्याच्या हद्दीत कोणाकोणाकडे परवान्याची बंदूक आहे, कोणाकडे पिस्तूल आहे आणि त्यातले कोणते निकाल लागेपर्यंत ठाण्यात जमा करून घ्यायचे. मग बोलावणे जाते, बंदूक येते, क्रमांक तपासला जातो आणि मालकाच्या हाती पोचपावती पडते.

हे दृश्य आपल्याकडे इतके सवयीचे झाले आहे, की त्यात काही विशेष आहे असे कोणाला वाटत नाही. पण जगातल्या एका मोठ्या लोकशाहीत नेमके याच्या उलट घडते. तिथे निवडणूक जवळ आली की उमेदवारच बंदूक हातात घेऊन जाहिरातीत उभा राहतो आणि बंदूकधारकांचे मत मागतो.

अमेरिकेच्या राज्यघटनेत १७९१ साली दुसरी दुरुस्ती झाली आणि शस्त्र बाळगण्याचा हक्क लिखित झाला. या हक्काच्या नावाने सर्वांत मोठी झालेली संघटना म्हणजे नॅशनल रायफल असोसिएशन. तिची स्थापना १८७१ ची आणि हेतू अगदी साधा होता. यादवी युद्धात उत्तरेकडच्या सैनिकांचे नेम फार वाईट होते, म्हणून लोकांना नेमबाजी शिकवावी. पुढची शंभर वर्षे ही संघटना मुख्यतः नेमबाजी, शिकार आणि प्रशिक्षण यांतच रमलेली होती. १९७७ मध्ये सिनसिनाटीच्या वार्षिक सभेत कडव्या सभासदांनी जुन्या नेतृत्वाला बाजूला सारले आणि संघटनेची दिशाच बदलली. १९८० मध्ये तिने पहिल्यांदा राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराला पाठिंबा दिला. तो उमेदवार होता रोनाल्ड रेगन.

या संघटनेचे खरे हत्यार म्हणजे गुणपत्रिका. प्रत्येक उमेदवाराने बंदुकीच्या प्रश्नावर आजवर कसे मतदान केले ते पाहून त्याला शाळेसारखी श्रेणी द्यायची आणि ती लाखो सभासदांच्या घरी पोचवायची. सभासद बाकी कशावरही मतभेद असलेला असो, या एका प्रश्नावर तो श्रेणी पाहून मत देतो. अमेरिकेत प्रौढांपैकी जवळपास तिघांत एक जण स्वतःकडे बंदूक असल्याचे सांगतो. यातले सगळेच काही या संघटनेच्या मागे जात नाहीत, पण जे जातात ते न चुकता मतदानाला जातात.

त्याचा दणका १९९४ मध्ये बसला. राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी सप्टेंबरमध्ये लष्करी धाटणीच्या रायफलींवर बंदी घालणाऱ्या कायद्यावर सही केली. दोन महिन्यांनी झालेल्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाने प्रतिनिधिगृहातल्या ५४ जागा गमावल्या. सभागृहाचे अध्यक्ष टॉम फोली स्वतःच्या मतदारसंघात पडले. अध्यक्षपदावरचा माणूस असा पडण्याची १८६२ नंतरची ही पहिलीच वेळ. फोलींना पूर्वी याच संघटनेचा पाठिंबा मिळत असे, बंदीच्या बाजूने उभे राहिल्यावर तो गेला. बंदीला मत देणाऱ्या काही सदस्यांना त्यापायी जागा गमवावी लागली, असे खुद्द क्लिंटन यांनी पुढच्या वर्षी जाहीरपणे म्हटले. त्या पराभवात बंदुकीचा वाटा नेमका किती, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. त्या वर्षी करवाढ होती, आरोग्य योजनेचा फज्जा होता. पण राजकारण्यांच्या मनावर जो ठसा उमटायचा तो उमटला. सहा वर्षांनी अल गोर आपल्याच टेनेसी राज्यात हरले. ते एक राज्य जिंकले असते तर फ्लोरिडाच्या मतमोजणीचा सगळा तमाशा होऊनही ते राष्ट्राध्यक्ष झाले असते. त्या पराभवाचे खापरही पुष्कळांनी बंदुकीच्या प्रश्नावर फोडले.

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. अमेरिकेत बंदूक विकत घेणाऱ्याची आधी चौकशी व्हावी, असे म्हणणारे लोक पाहणीमागून पाहणीत प्रचंड बहुमतात असतात. तरीही २०१२ च्या डिसेंबरात न्यूटाऊनच्या शाळेत वीस लहान मुले मारली गेल्यानंतर, एप्रिल २०१३ मध्ये आलेले अशा चौकशीचे विधेयक सिनेटमध्ये अडले. बाजूने ५४ मते पडली, विरोधात ४६, आणि गरज होती ६० ची. बहुमत एका बाजूला आणि निकाल दुसऱ्या बाजूला, असे का होते? कारण बहुसंख्य लोकांचे मत असते, पण ते त्या एका मतावरून आमदार-खासदार ठरवत नाहीत. अल्पसंख्य गट ठरवतो. त्याच वर्षी कोलोरॅडो राज्यात बंदूक नियंत्रणाच्या कायद्याला मत दिलेल्या दोन राज्य सिनेटरांना मतदारांनी मुदतीआधीच परत बोलावले. अशा विशेष निवडणुकांना कमी लोक बाहेर पडतात आणि ज्याला चीड आहे तो हमखास पडतो.

अलीकडे दुसरी बाजूही संघटित झाली. २०१८ मध्ये जॉर्जियातून लुसी मॅकबाथ निवडून आल्या. त्यांचा किशोरवयीन मुलगा २०१२ मध्ये गाडीत गाणी मोठ्याने लावण्यावरून झालेल्या भांडणात गोळी लागून गेला होता, आणि त्यांनी प्रचारच बंदूक नियंत्रणावर केला. त्या वर्षी नियंत्रणाच्या बाजूच्या संघटनांनी निवडणुकीवर खर्च करण्यात रायफल असोसिएशनलाही मागे टाकले.

मग आपल्याकडे असा मतदार का घडला नाही? बंदूक आपल्याला नवी नाही. परंड्याच्या किल्ल्यातली तोफ विजापूरला गेली आणि तिथे मुलूखमैदान म्हणून प्रसिद्ध झाली, इतका हा मुलूख दारूगोळ्याशी जुना परिचित. शस्त्राच्या हक्काची मागणीही आपल्याकडे झाली होती, आणि मोठ्या माणसांनी केली होती.

१८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या सरकारने शस्त्र कायदा आणला. हिंदी माणसाला शस्त्रासाठी परवाना लागणार आणि युरोपियनाला त्यातून सूट. हा भेद लोकांना झोंबला. काँग्रेसने १८८७ च्या मद्रास अधिवेशनातच या कायद्याबद्दल ठराव केला. अहिंसेचे व्रत घेतलेल्या गांधीजींनीही संपूर्ण राष्ट्राला निःशस्त्र करणारा हा कायदा इंग्रजांच्या सर्वांत काळ्या कृत्यांत मोजला. १९३१ च्या कराची अधिवेशनात मूलभूत हक्कांचा जो ठराव झाला, त्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला असेल, असे कलम होते.

तो हक्क राज्यघटनेत का उतरला नाही, याचे उत्तर डिसेंबर १९४८ च्या घटना समितीत सापडते. मध्य प्रांत व वऱ्हाडातून आलेले ह. वि. कामत यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालावा अशी दुरुस्ती मांडली आणि कराचीच्या ठरावाची आठवण करून दिली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती नाकारली. इंग्रजांच्या काळात ही मागणी का झाली ते त्यांनी मान्य केले. पण हक्क म्हणून एकदा लिहिला, की गुन्हेगारही तो हक्क सांगत पुढे येतील आणि राज्याला हात बांधून बसावे लागेल, हा त्यांचा मुद्दा होता. स्वतंत्र देशात नागरिकाचे शस्त्र हा हक्कापेक्षा कर्तव्याचा विषय आहे, राष्ट्राला गरज पडेल तेव्हा ते उचलायचे, असे त्यांनी सांगितले. दुरुस्ती पडली.

धाराशिवच्या वाचकाने या तारखेकडे जरा थांबून पाहावे. त्याआधी तीनच महिने, १३ सप्टेंबर १९४८ ला, भारतीय फौज सोलापूरकडून निघून हैदराबाद संस्थानात शिरली आणि पहिली चकमक झाली ती याच जिल्ह्यात, नळदुर्गला. बोरी नदीवरचा पूल शाबूत ताब्यात घेणे हे त्या सकाळचे पहिले काम होते. त्या फौजेला यावे का लागले, तर खासगी शस्त्रधारी टोळ्यांनी गावे हैराण केली होती म्हणून. त्या टोळ्यांचा, म्हणजे रझाकारांचा, म्होरक्या कासिम रझवी हा लातूरचा वकील, आणि लातूर त्या वेळी उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात होते. संस्थानाच्या सीमेपलीकडच्या कॅम्पांतून निजामाविरुद्ध लढणाऱ्या तरुणांनीही शस्त्रे हाती घेतली होती. बंदूक ज्याच्या त्याच्या हाती असली की शेजारधर्माचे काय होते, ते या भागातल्या म्हाताऱ्या माणसांनी डोळ्यांनी पाहिले होते. चार वर्षांच्या आत, १९५२ च्या निवडणुकीत, तीच माणसे रांगेत उभी राहून मतपेटीत कागद टाकत होती.

त्यानंतर १९५९ चा शस्त्र कायदा आला आणि तोच आजही चालतो. त्यात शस्त्र हा हक्क नाही, परवानगी आहे. जिल्हाधिकारी परवाना देतो, त्याआधी पोलिसांचा अहवाल मागवतो, आणि सार्वजनिक शांततेला धोका दिसला तर परवाना निलंबित किंवा रद्द करतो. २०१६ च्या नियमांनी शस्त्र सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला आणि देशपातळीवरच्या नोंदणीचा क्रमांक आवश्यक केला. २०१९ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्ती आणली. एका माणसाला तीन शस्त्रे ठेवता येत होती, ती संख्या मूळ मसुद्यात एकावर आणली होती. राजस्थान, पंजाबकडून घराण्यातल्या वारशाच्या शस्त्रांचे काय, असा विरोध आला आणि शेवटी कायदा झाला तो दोन शस्त्रांचा. भारतात बंदूकधारकांनी संसदेवर उघड प्रभाव टाकल्याचे इतके ठळक उदाहरण दुसरे चटकन सापडत नाही. तेही मतपेटीतून न येता वाटाघाटीतून आले. बंदूक हक्कांसाठी दिल्लीत एक संघटना आहे, पण तिची श्रेणी पाहून मत देणारा मतदार महाराष्ट्राच्या एकाही मतदारसंघात नाही. कर्नाटकातल्या कोडगूच्या लोकांना इंग्रजांच्या काळापासून परवान्याची सूट आहे आणि २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. तिथे बंदूक सणावाराला पुजली जाते. आपल्याकडे तशी परंपरा सार्वत्रिक नाही.

मग बंदुकीचा आपल्या निवडणुकांशी काही संबंधच नाही का? आहे, आणि तो काळजी करण्यासारखा आहे. फक्त त्याचा प्रवाह उलटा आहे. अमेरिकेत बंदूकवाला मताच्या जोरावर पुढारी घडवतो. आपल्याकडे पुढाऱ्याच्या जवळिकीवर बंदूक मिळते.

हे डोळ्यांत भरले ते शेजारच्या बीड जिल्ह्यात. कळंब ओलांडून मांजरा नदी पार केली की केज तालुका लागतो. विधानसभेचा निकाल लागून पंधरवडा होतो न होतो तोच, ९ डिसेंबर २०२४ ला, केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे अपहरण करून खून झाला. प्रकरणाच्या मुळाशी पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेली खंडणी असल्याचे तपासात पुढे आले. पवनचक्क्या वाशी, भूम, कळंबच्या माळांवरही उभ्या आहेत, त्यामुळे ही बातमी धाराशिवमध्ये परक्याची म्हणून कोणी वाचली नाही. त्या खुनानंतर बीडच्या शस्त्र परवान्यांचा आकडा लोकांपुढे आला: बाराशेहून अधिक. उद्योगधंदे फारसे नसलेल्या, शेतीवर आणि ऊसतोडीवर जगणाऱ्या जिल्ह्यात इतक्या माणसांच्या जिवाला इतका धोका कसा, हा प्रश्न मग राज्यभर विचारला गेला. हवेत गोळीबार करतानाच्या, कमरेला पिस्तूल लावून मिरवतानाच्या चित्रफिती फिरल्या. प्रशासनाने फेरतपासणी सुरू केली आणि जानेवारी २०२५ पर्यंतच सुमारे शंभर परवाने रद्द झाले. पुढेही ते काम चालू राहिले.

परवाना मागण्याचे कारण अर्जात लिहावे लागते: जिवाला धोका, रोकड वाहून नेणे, शेतीचे रक्षण. पण कंत्राट, वाळू, खडी, पवनचक्क्यांच्या जमिनी या व्यवहारांत कमरेचे पिस्तूल वेगळे बोलते. ते झाडावे लागत नाही, शर्टाखालून दिसले की पुरे. वाढदिवसाच्या फलकावर फोटो, मागे दोन गाड्या आणि कमरेला पिस्तूल, एवढ्यावर गावात वजन तयार होते आणि तेच वजन मतदानाच्या दिवशी बूथवर कामाला येते. बंदुकीचा निवडणुकीवर आपल्याकडे जो परिणाम होतो, तो असा गुपचूप होतो. म्हणून आचारसंहितेतली शस्त्रजमा ही नुसती कागदी कसरत नाही. निदान महिना-दीड महिना ते वजन ठाण्याच्या कपाटात राहते.

गोळी लागली म्हणजे मते कोणत्या बाजूला जातील, याचा मात्र काहीच नेम नसतो. २०२४ या एकाच वर्षात महाराष्ट्राने ते तीनदा पाहिले. फेब्रुवारीत उल्हासनगरच्या पोलीस ठाण्यात कल्याण पूर्वचे आमदार गणपत गायकवाड यांनी गोळीबार केल्याचे प्रकरण घडले आणि त्यांना अटक झाली. नोव्हेंबरात त्यांच्या पत्नी सुलभा गायकवाड त्याच मतदारसंघातून निवडून आल्या. त्याच फेब्रुवारीत दहिसरमध्ये माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची हत्या झाली. तिथे वापरलेले पिस्तूल मारेकऱ्याच्या अंगरक्षकाच्या परवान्याचे निघाले. १२ ऑक्टोबरला वांद्र्यात बाबा सिद्दीकी यांना गोळ्या घातल्या गेल्या, तीन दिवसांनी निवडणूक जाहीर झाली आणि त्यांचे आमदार पुत्र झीशान हरले. धाराशिवचा अनुभव आणखी निराळा. ३ जून २००६ ला जिल्ह्यातले पुढारी पवनराजे निंबाळकर यांचा कळंबोलीजवळ गोळ्या झाडून खून झाला. त्यांचे पुत्र ओमराजे २००९ मध्ये विधानसभेत गेले, २०१४ मध्ये हरले, २०१९ मध्ये लोकसभेत पोचले आणि २०२४ मध्ये तीन लाख २९ हजारांहून अधिक मताधिक्याने पुन्हा निवडून आले. या चढउताराला सहानुभूती हे एकच नाव देता येणार नाही. पक्षफुटी होत्या, आघाड्या होत्या, शेतीमालाचे भाव होते.

या सगळ्या गोंगाटात एक बंदूकधारक कोणाच्याच मोजणीत नाही. तो म्हणजे शेतकरी.

शस्त्र कायद्याच्या तेराव्या कलमात त्याच्यासाठी खास तरतूद आहे. पिकाच्या खऱ्याखुऱ्या रक्षणासाठी ठासणीची बंदूक हवी असेल तर तिचा परवाना द्यावा, असे ते कलम सांगते. सिंधुदुर्ग, रत्नागिरी आणि गोव्यात असे परवाने पिढ्यान् पिढ्या चालत आले आहेत. तिथे भातात रानडुक्कर उतरते, नारळ-काजूवर माकडे येतात. धाराशिवच्या रानातही रात्री डुकरांचे कळप शिरतात, हरणे कोवळी ज्वारी फस्त करतात. येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यात तर २०२४ च्या शेवटी थेट टिपेश्वर अभयारण्याकडचा वाघ येऊन थांबला होता. यातले कोणतेही जनावर मनाला येईल तेव्हा मारता येत नाही. १९७२ चा वन्यजीव कायदा आहे आणि डुकरासाठीही वनखात्याची परवानगी लागते. बंदुकीचा उपयोग बहुतेकदा बार काढून कळप पांगवण्यापुरता. ज्याच्याकडे तीही नाही तो डबे वाजवतो, फटाके लावतो, झटका मशीनचे कुंपण घालतो आणि रात्र माळ्यावर काढतो.

निवडणूक येते तेव्हा ही ठासणीची बंदूकही कमरेच्या पिस्तुलाच्या रांगेत ठाण्यात जाते. सरसकट सगळ्यांची शस्त्रे जमा करून घेणे बरोबर नाही, प्रत्येक परवानाधारकाचा स्वतंत्र विचार झाला पाहिजे, असे मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे. त्यासाठी जिल्ह्यात छाननी समिती असते. जामिनावर सुटलेला, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेला, पूर्वी दंगलीत किंवा निवडणुकीतल्या हाणामारीत सापडलेला, अशांची शस्त्रे आधी घ्यायची. बँकेचे सुरक्षारक्षक आणि स्पर्धेतले नेमबाज यांना सवलत मिळते. शेतकऱ्याला स्वतंत्र विचार हवा असेल तर त्याला अर्ज करावा लागतो. ते त्याला ठाऊक असतेच असे नाही, आणि काढणीच्या दिवसांत जिल्ह्याच्या गावी एक खेप म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते.

२०२४ चा हिशोब मांडून पाहिला तर मुद्दा लक्षात येतो. लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात उठली. विधानसभेची १५ ऑक्टोबरपासून नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत चालली. म्हणजे वर्षातले चार महिने. पिस्तूलवाल्याचे त्यात काही बिघडत नाही. ज्वारीच्या पेरणीपासून तूर शेंगांवर येईपर्यंतचा काळ मात्र त्यातच सापडतो.

त्याच विधानसभेत परंडा मतदारसंघात तानाजी सावंत निवडून आले ते १,५०९ मतांनी. मतदारसंघातली मते लाखांनी आणि फरक दीड हजारांचा. अमेरिकेतल्या संघटनेने नेमके असेच मतदारसंघ हेरून स्वतःची दहशत बसवली. रानडुकरांनी नासवलेल्या पिकाची भरपाई, कुंपणाचे अनुदान, पीक रक्षणाच्या परवान्याचा वेळेत निकाल, या एका प्रश्नावर भूम-परंडा-वाशीच्या गावांतली हजार-पंधराशे घरे एकत्र येऊन मत देती, तर निकाल कुठल्याही बाजूला फिरला असता. पण शेतकऱ्याचे मत जात, गट, पक्ष, सोसायटी, कारखाना यांत आधीच वाटले गेलेले असते. रात्रीच्या राखणीसाठी त्याच्याकडे मत उरत नाही.

२३ नोव्हेंबरला निकाल लागला. जमा शस्त्रे निकालानंतर आठवडा उलटला की लगेच परत द्यावीत, असा आयोगाचा दंडक आहे. पोचपावती दाखवायची, क्रमांक पडताळायचा, वहीत सही करायची. पिस्तूल ज्याचे तो गाडीतून येऊन घेऊन जातो. ठासणीची बंदूक खांद्याला लावून शेतकरी एसटीने परततो तेव्हा ज्वारी गुडघ्याला लागलेली असते, आणि बांधाच्या कडेचे चार-सहा तास उकरून पडलेले असतात.